निकाल मान्य नाही

महाबळेश्वरला मुंबई पॉइंटवर डिसेंबरच्या संध्याकाळी जी गर्दी जमते ती सूर्यास्त बघायला जमते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती सूर्यास्ताचा निकाल द्यायला जमते. सूर्य अजून चांगला हातभर वर असतो तोच पहिलं मत पडतं, की आज ढग आहेत, मजा नाही. कन्याकुमारी करून आलेले एक काका सगळ्यांनाच खाली बसवतात. कुणीतरी मागच्या खेपेचा सूर्यास्त काढतं. तो खरा, हा आपला उरकल्यासारखा. सूर्य आपल्या वेळेला बुडतो आणि मंडळी कणसाचे पैसे चुकते करून ‘ठीक होता’ असं म्हणत गाडीकडे वळतात. नेमक्या याच दिवसांत, पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात येत असताना, तिकडे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस इथल्या चित्रपट समीक्षकांची मंडळं वर्षातले सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायला लागतात. मग गोल्डन ग्लोब, मग बहुतेक वर्षं आपलं फिल्मफेअर, मग ऑस्कर. स्ट्रॉबेरीचा आणि पुरस्कारांचा हंगाम साधारण बरोबरच आटोपतो. राष्ट्रीय पुरस्कार तेवढे सरकारी असल्यामुळे त्यांना हंगाम नाही. २०२३ सालच्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले, म्हणजे रागवायचं कशावर होतं हेही अनेकांना आठवून बघावं लागलं असणार.

तरी राग येतो. हंगामात येतो, बिगरहंगामी येतो, आणि निकाल कुठलाही लागला तरी येतो. या रागाकडे आपण उगीचच बंडखोरी म्हणून पाहतो. माझं म्हणणं उलट आहे. पुरस्कारांवर सगळ्यात गाढ श्रद्धा कुणाची असेल तर ती नाराज माणसाची. परीक्षकांची तेवढी नसते, कारण यादी कशी तयार झाली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दुपारच्या जेवणाआधी एकाने अभिनेत्री सोडली, चहानंतर दुसऱ्याने संगीत सोडलं, आणि पाच वाजता सगळ्यांनाच घरी जायचं होतं. ज्याला पुरस्कार मिळतो त्याचीही श्रद्धा बेताचीच असते. आदल्या वर्षी तो ज्यांना मिळाला त्यांच्याबद्दलचं त्याचं मत अजून बदललेलं नसतं. ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणजे खरोखरच सर्वांत उत्कृष्ट, हे शब्दशः मानणारा माणूस एकच उरतो. तो सकाळी पेपर आपटून म्हणतो, ‘याला? याला दिलं?’ ज्याचा देवावर विश्वास नाही तो देवळाच्या रांगेत शिरणाऱ्यांशी भांडत नाही.

श्रद्धेला पुरावा लागत नाही, हे इथेही दिसतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मार्च २०१५ मध्ये जाहीर झालं आणि चित्रपट थिएटरात आला एप्रिलमध्ये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला ते एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालं आणि चित्रपटाने नावाला जागून थिएटर गाठलं ऑक्टोबरमध्ये. म्हणजे महोत्सवांतून पाहिलेले मोजके लोक सोडले तर या काळात मराठी मुलखाने तो पाहिलेला असण्याची शक्यता नव्हती. पण मत नसलेला माणूस सापडणं त्याहून कठीण होतं. एक पक्ष म्हणत होता, मराठीचा झेंडा दिल्लीत रोवला. दुसरा पक्ष म्हणत होता, असले सिनेमे बघतं कोण? दुसऱ्या पक्षाच्या प्रश्नाचं उत्तर ‘सध्या तरी कुणीच नाही, कारण लागलेलाच नाही’ असं होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही. चित्रपट बघून दिलेलं मत चित्रपटाविषयी असतं. न बघता दिलेलं मत फक्त पुरस्काराविषयी असू शकतं, आणि ज्या गोष्टीला किंमत नाही तिच्याविषयी सहा महिने मत सांभाळून ठेवण्याचे कष्ट माणूस घेत नाही.

ही परंपरा पहिल्या वर्षापासूनची आहे. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. त्याच यादीत, एक पायरी खाली, गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर समाधान मानून बसला होता बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. त्याच वर्षी फिल्मफेअरनेही पुरस्कार सुरू केले आणि त्यांचा पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’. म्हणजे या देशात पुरस्कारांची पहिली तुतारी वाजली तीच दोन सुरांत. कोणता चित्रपट थोर, यावर बंगाली माणसाला अजूनही काही म्हणायचं असेल. मराठी माणसाला नाही. त्या वर्षीच्या परीक्षकांची दृष्टी निर्मळ होती, त्यांच्यावर कसलंही दडपण नव्हतं आणि मातृप्रेम हा विषयच तसा आहे, यावर आपल्यात आजवर दुमत झालेलं नाही. पदक दुसरीकडे गेलं असतं तर ‘नवयुग’मध्ये अत्र्यांनी परीक्षकांचं काय केलं असतं, याची कल्पना त्यांचे जुने अंक चाळलेल्यांनी करावी. महाबळेश्वरकरांना मात्र त्या यादीत हळहळायला जागा आहे. पहिल्या वर्षीचं माहितीपटाचं सुवर्णपदक गेलं ‘महाबलिपुरम’ला. अर्धं नाव बरोबर आलं होतं.

पुढे पुरस्कार देणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की नाराज मंडळी एका जातीची नाहीत. लोकांना आवडलेल्याला दिलं तर जाणकार चिडतात, जाणकारांना आवडलेल्याला दिलं तर लोक चिडतात. यावर फिल्मफेअरने काढलेला तोडगा मला फार मुत्सद्देगिरीचा वाटतो. एकाच रात्री एक सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि शिवाय समीक्षकांच्या मते सर्वोत्कृष्ट चित्रपट. एक सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि शिवाय समीक्षकांच्या मते सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. यात पहिला पुरस्कार कुणाच्या मते असतो, हे विचारायचं नाही. २०११ चा सोहळा घ्या. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दबंग’, समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘उडान’. एकात सलमान खानचा शर्ट आपोआप फाटतो, दुसऱ्यात एका पोराचं बालपण. दोघांनाही एकाच मंचावर, एकाच निवेदकाच्या विनोदांमधून बाहुली मिळाली. त्याच रात्री समीक्षकांच्या मते सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली विद्या बालन, ‘इश्किया’साठी.

आता या निकालाकडे सातारा जिल्ह्यातून पाहावं. ‘दबंग’मधला उत्तर प्रदेश म्हणजे आपली वाई. ‘इश्किया’तला गोरखपूरकडचा मुलूखही वाईच. म्हणजे त्या रात्री लोकप्रियांच्या बाजूनेही वाई होती आणि समीक्षकांच्या बाजूनेही वाई होती, आणि आभाराच्या भाषणांतून वाटा मागायला दोन्हीकडे नव्हती. महाबळेश्वरला उगम पावून कृष्णा खाली उतरते ती धोम, मेणवली, वाई असा पल्ला घेत, आणि या एवढ्या टापूने हिंदी पडद्यावर जेवढ्या भूमिका केल्या तेवढ्या भल्याभल्या चरित्र अभिनेत्यांना जमलेल्या नाहीत. ‘गंगाजल’मध्ये वाईने बिहार केला. ‘ओंकारा’त उत्तर प्रदेशातलं गुंडांचं राज्य केलं. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये तर थेट तमिळ खेडं केलं, तेही उच्चारांच्या भानगडीत न पडता. यांतल्या ‘गंगाजल’ला सामाजिक प्रश्नावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘ओंकारा’साठी विशाल भारद्वाज यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि कोंकणा सेन शर्माला सहायक अभिनेत्रीचा, ‘दबंग’ला निखळ करमणुकीचा. वाईला काही नाही. गणपती घाटावर यावरून निषेध सभा भरल्याचं ऐकिवात नाही. चित्रीकरणाची गाडी आली की खोल्या भाड्याने द्यायच्या, घरातला बैल भाड्याने द्यायचा, आणि गर्दीत उभं राहायचं असेल तर आपला धोतर-फेटा उतरवून त्यांचं गमछा-पागोटं बांधायचं, हे गाव शिकलं. पुरस्कारावर श्रद्धा नसलेला माणूस कसा वागतो, हे पाहायचं तर इथे पाहावं. तो रागावत नाही. तो पुढच्या युनिटचं जेवण कुणाकडे आहे ते विचारतो.

याच पाण्याच्या काठावर आपल्या काळातला सगळ्यात दीर्घायुषी राग जन्माला आला. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’चं चरणपूर कथेत उत्तर प्रदेशात आहे आणि प्रत्यक्षात मेणवलीत, नाना फडणविसांच्या वाड्याच्या आणि घाटाच्या आसपास. त्या सालचा राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला सैफ अली खान, ‘हम तुम’साठी. झालं. गेली वीस वर्षं शाहरुख खानवरच्या अन्यायाचा विषय निघाला की अन्यथा शांत असलेली माणसं चष्मा काढून बोलायला लागतात. या रागाची तपासणी केली की काही चमत्कारिक गोष्टी हाती लागतात. एक, ज्या जनतेच्या मनात तो चित्रपट कायमचा घर करून बसला आहे, त्याच जनतेने तेव्हा तिकिटं काढली नव्हती. ‘स्वदेस’ चालला नाही. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. ‘स्वदेस’साठी शाहरुखला त्या वर्षीचा फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेला आहे. मिळालेला पुरस्कार लोक साफ विसरले आणि न मिळालेला त्यांनी वीस वर्षं जपला. तिसरी गोष्ट अशी, की राष्ट्रीय परीक्षकांनी ‘स्वदेस’कडे दुर्लक्ष केलंच नव्हतं. छायाचित्रणाचा पुरस्कार त्यांनी महेश अणे यांना दिला, म्हणजे मेणवलीचा घाट आणि त्यावरचं ऊन त्यांच्या नजरेत भरलं होतं. उदित नारायण यांना गायनाचाही दिला. पण छायाचित्रणाच्या पुरस्कारावरून कुणी कुणाशी बोलणं टाकत नाही. ध्वनिमुद्रण, संकलन, वेषभूषा यांचे निकाल दरवर्षी शांततेत लागतात, कारण तिथे आपली कुणावर श्रद्धा बसलेली नसते. आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये शाहरुखला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तो ‘जवान’साठी, विक्रांत मॅसीबरोबर विभागून. नाराजांची मागणी मान्य झाली, पण चुकीच्या चित्रपटासाठी आणि निम्मी. इतका परिपूर्ण निकाल क्वचितच लागतो. जुना राग शिल्लक ठेवून वर नवीन रागाची सोय.

आता यावर आक्षेप येईल, की समीक्षकांवर लोकांचा राग असतो तो उगीच नसतो. ही मंडळी जाणूनबुजून कंटाळवाणं काहीतरी शोधून काढतात. ज्यात काही घडत नाही ते थोर, आणि ज्यात घडतं ते व्यावसायिक. आक्षेप जुना आहे आणि ऐकायला बरा वाटतो, पण नोंदी त्याला साथ देत नाहीत. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी २०२२ चा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून निवडलं एस. एस. राजामौली यांना, ‘आरआरआर’साठी, ज्यात वाघ-चित्ते ट्रकमधून इंग्रजांच्या मेजवानीवर सोडले जातात. काही घडत नाही, अशी तक्रार त्या चित्रपटाबद्दल अजून कुणी केलेली नाही. आपल्या राष्ट्रीय परीक्षकांनी ‘बाहुबली’च्या पहिल्या भागाला सुवर्णकमळ दिलं, तेव्हा ‘समीक्षकांना आपली आवड कळत नाही’ म्हणणारे खूश व्हायला हवे होते. पण त्या वर्षी नाराजांनी ओळी बदलून घेतल्या: आता यांना कलेची चाड राहिली नाही म्हणे. म्हणजे परीक्षकांनी गंभीर चित्रपट निवडला तर ते शिष्ट, आणि तुफान चाललेला निवडला तर ते विकले गेलेले. दोन्ही आरोप एकाच तोंडातून आले की आरोपीऐवजी तोंडाकडे बघावं लागतं.

समीक्षकांच्या पुरस्काराला नेमकं काय उत्तर द्यावं, याचं एक उदाहरण मराठीतच आहे आणि तेही समीक्षकांनी गौरवलेल्या चित्रपटात. ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि जगभरच्या चित्रपट समीक्षकांची जी संघटना आहे, फिप्रेसी, तिचाही मिळाला. चित्रपट एका तरुण शास्त्रीय गायकाचा. सुरुवातीलाच तो एका स्पर्धेत गातो आणि निकालात त्याचं नाव येत नाही. त्या वेळचा आदित्य मोडक यांचा चेहरा प्रत्येक हंगामात हजारो घरांतून दिसतो. पुढे एक व्यासंगी संग्राहक त्याला भेटतो आणि त्याच्या दैवतांची, त्याच्या गुरूच्या गुरूंची, शांतपणे एकेक वीट काढतो. नायक काय करतो? वाद घालत नाही, पुरावे देत नाही. समोरचा पाण्याचा पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. जगभरच्या समीक्षकांनी हा प्रसंग पाहिला आणि पुरस्कार याच चित्रपटाला दिला. हे एकतर मोठ्या मनाचं लक्षण आहे, किंवा तो संग्राहक म्हणजे शेजारच्या खुर्चीतला माणूस, असं प्रत्येकाला वाटलं. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. आपल्याकडे आल्यावर त्या चित्रपटात गाणाऱ्यांनी गाण्याची खोट काढली आणि न गाणाऱ्यांनी गतीची, हे ओघानेच आलं.

दुसरा आक्षेप जड आहे. लोकांच्या नाराजीने काहीतरी सुधारतं, आरडाओरडा झाला नाही तर परीक्षक सोकावतात, असं म्हणता येईल. इथे मला निम्मं मान्य करावं लागतं. २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानमध्ये ग्रां प्री मिळवलं. सप्टेंबरमध्ये भारतातर्फे ऑस्करला पाठवायचा चित्रपट निवडायला फिल्म फेडरेशनची तेरा जणांची समिती बसली. तेराच्या तेरा पुरुष. त्यांनी भारतीय स्त्री कशी असते याबद्दल चार शब्द सुनावून ‘लापता लेडीज’ निवडला. डिसेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी पायल कपाडियांचा चित्रपट परदेशी चित्रपटांत सर्वोत्कृष्ट ठरवला आणि ‘लापता लेडीज’ ऑस्करच्या पहिल्या चाळणीतच गळाला. इथे जो राग झाला त्यातला एक भाग रास्त होता: समितीत बाई का नाही? हा प्रश्न चित्रपटाच्या दर्जाचा नव्हता, खोलीत कोण बसलं होतं याचा होता, आणि पुरस्काराबद्दल विचारण्यासारखा तोच एक प्रश्न आहे. अडचण इतकीच, की तो निकालाच्या आदल्या दिवशी विचारायचा असतो. परीक्षकांची नावं आधी छापून आली तरी ती वाचतो कोण? यादी लागल्यावर मात्र प्रत्येकाला त्यांची कुंडली हवी असते. आणि या भांडणात मराठी माणसाने उतरायचं तर कोणत्या बाजूने, हेही उघड नव्हतं. ‘लापता लेडीज’मधल्या स्टेशनवर चहा-भजी विकणाऱ्या मंजू माई म्हणजे छाया कदम, आणि ‘ऑल वी इमॅजिन’मध्ये मुंबई सोडून रत्नागिरीकडे परतणारी पार्वती म्हणजेही छाया कदमच. कोणताही चित्रपट गेला असता तरी आपलं माणूस गेलं असतं. तरीही आपल्यात दोन तट पडले.

शिकलेला नाराज माणूस यापुढची पायरी गाठतो. तो म्हणतो, जाऊ द्या पुरस्कार, काळ हाच खरा परीक्षक. याच्या पुष्ट्यर्थ १९४१ चं उदाहरण ठरलेलं आहे: न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी ‘सिटिझन केन’ निवडला, ऑस्करने ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’, आणि काळाने समीक्षकांच्या बाजूने कौल दिला. पण हा काळ कोण, याची चौकशी केली तर तोही समीक्षकच निघतो. ‘साइट अँड साउंड’ नावाचं ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सार्वकालिक श्रेष्ठ चित्रपट विचारतं. ‘सिटिझन केन’ तिथे १९६२ पासून २००२ पर्यंत पहिला होता. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आला. २०२२ मध्ये शांताल अकरमान यांचा ‘जान दीलमान’ आला, ज्यात तीन तास वीस मिनिटं एक बाई घर आवरते आणि बटाटे सोलते. काळ म्हणजे दर दहा वर्षांनी बसणारी समिती आहे. फरक एवढाच, की काळाचा फोटो कुठे छापून येत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने खडे फोडता येत नाहीत. आणि काही खटल्यांत काळानेही तारखाच दिल्या आहेत. १९५७ मध्ये एकीकडे ‘मदर इंडिया’, दुसरीकडे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’. फिल्मफेअर आणि ऑस्करचं नामांकन पहिल्याला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि बर्लिनचं रौप्य अस्वल दुसऱ्याला. श्रेष्ठ कोण, ते अजून ठरलेलं नाही. सांगली जिल्ह्यात मात्र ठरलेलं आहे. ज्या मुक्त तुरुंगावरून ‘दो आँखें’ची कथा सुचली ते स्वतंत्रपूर आटपाडीजवळ, जुन्या औंध संस्थानातलं. लिहिणारे गदिमा शेजारच्या शेटफळ्याचे. तेव्हा विषय संपला. आपला तालुका ही कसोटी परीक्षकांच्या इतर कसोट्यांइतकीच शास्त्रीय आहे आणि त्यांच्यापेक्षा प्रामाणिक आहे.

राहता राहिले ते, ज्यांना पुरस्कारांचं काहीच वाटत नाही असं ते स्वतः सांगतात. त्यांच्यासाठी २००४ साल आठवावं. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी ‘श्वास’च्या रूपाने सुवर्णकमळ मराठीत परत आलं आणि चित्रपट ऑस्करला निघाला. तिकडे प्रचाराला पैसे लागतात हे कळल्यावर महाराष्ट्राने वर्गणी काढली. सरकारने दिले, नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं, शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे दिले. ऑस्करचं काही वाटत नसलेल्या समाजाने केलेला हा खर्च आहे. नामांकन मिळालं नाही, तेव्हा ‘अमेरिकेतल्यांना आपल्या भावना काय कळणार’ असा निकाल आपण दिला. कळणार नव्हत्या तर वर्गणी कशाला, असं पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारूही नये.

एकच पुरस्कार मला असा दिसतो की ज्यावरून ओरड होत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, त्याच्या स्मरणार्थ दर ५ नोव्हेंबरला सांगलीत एका ज्येष्ठ रंगकर्मीला भावे गौरव पदक दिलं जातं. शांततेत दिलं जातं, शांततेत घेतलं जातं. कारण उघड आहे. पदकापर्यंत पोहोचेतो माणूस इतका ज्येष्ठ झालेला असतो की त्याच्याशी स्पर्धा करणारे एकतर आधी घेऊन गेलेले असतात, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आशेवर असतात, आणि प्रेक्षकांनी त्याची पडलेली नाटकं केव्हाच माफ केलेली असतात. सर्व पुरस्कार पंचाहत्तरीनंतरच द्यावेत, असा नियम केला तर देशात बरीच शांतता नांदेल. फक्त चर्चेला विषय उरणार नाही, आणि मग पुरस्कार जाहीर झाला हे कळायचंही साधन राहणार नाही.

दरम्यान ऑगस्ट २०२५ च्या ज्या यादीने ‘जवान’ची सोय केली, तिच्यात मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पुन्हा एकदा नाव आलं ‘श्यामची आई’. या वेळचा सुजय डहाके यांचा, आणि तोही कृष्णधवल. नाराजांपुढे पेच पडायला हवा होता, कारण आईला नावं ठेवायची कशी? पण ‘जुन्याची सर नाही’ एवढ्या तीन शब्दांत काम भागलं. ते म्हणणाऱ्यांपैकी जुना किती जणांनी पाहिला आणि नवा किती जणांनी, याची विचारपूस करायला कुणी गेलं तर त्याला जुन्यात आई झालेल्या वनमाला किती थोर होत्या हे ऐकून परत यावं लागेल, आणि ते मात्र खरं आहे.